वैमानिकाची दुसरी मुलाखत

मंडळी, वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, शिरपूर जैन नावाचे गाव आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचे देवस्थान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ही मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, ती अधांतरी आहे, अशी भाविकांची पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा आहे. म्हणूनच नाव पडले अंतरिक्ष पार्श्वनाथ. देवाची गोष्ट वेगळी. माणसाला मात्र अधांतरी राहणे जमत नाही. आकाशात गेलेल्या माणसाला केव्हा ना केव्हा खाली यावेच लागते, आणि कोठे, केव्हा व कसे उतरायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते.

आपल्या बोलण्यात 'अधांतरी' या शब्दाला दुसराही अर्थ आहे. हातची नोकरी सुटली आणि दुसरी अजून लागली नाही, अशा माणसाला आपण अधांतरी म्हणतो. आज मी ज्याच्याविषयी सांगणार आहे तो माणूस या दोन्ही अर्थांनी अधांतरीचा आहे. हवाई दलात पंधरा-वीस वर्षे विमान चालवून तो बाहेर पडतो. वय चाळिशीच्या आसपास, मुले अजून शाळेत. आणि एके सकाळी तो प्रवासी विमान कंपनीच्या कचेरीत, हातात उड्डाणाची वही घेऊन, उमेदवार म्हणून खुर्चीवर बसतो.

तुम्ही म्हणाल, ज्याने लढाऊ विमान चालवले त्याची पुन्हा मुलाखत कसली घ्यायची? ज्याने मस्तवाल घोडा आवरला त्याला बैलगाडी हाकता येते का, हे काय विचारायचे? प्रश्न रास्त आहे. एके काळी विमान कंपन्यांनाही तसेच वाटत असे. पुढे त्यांचे मत का बदलले, हा शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातले काही धागे आपल्या विदर्भातून गेलेले आहेत.

प्रवासी विमानाचा धंदा जन्मला तोच मुळी लष्करी वैमानिकाच्या हातून. 1918च्या मे महिन्यात अमेरिकेत वॉशिंग्टन ते न्यूयॉर्क अशी विमानाची टपाल सुरू झाली, तेव्हा पहिली विमाने सैन्याच्या वैमानिकांनी चालवली. 25 ऑगस्ट 1919 रोजी लंडन-पॅरिस अशी रोजची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमान होते युद्धातले, जरासे बदलून घेतलेले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. विमाने शिल्लक होती, वैमानिक रिकामे होते. उडण्याशिवाय दुसरे काही शिकलेले नाही अशा तरुणांचा तो काळ होता.

असाच एक तरुण 1929च्या सुमारास हिंदुस्थानात आला. नाव नेव्हिल व्हिन्सेंट. ब्रिटिश हवाई दलात त्याने नोकरी केली होती. बाहेर पडल्यावर तो जुन्या विमानांतून लोकांना आकाशाची सैर घडवी आणि त्यावर पोट भरी. जत्रेतल्या पाळण्यासारखाच तो धंदा म्हणा ना! परंतु त्याच्या डोक्यात एक योजना होती. इंग्लंडहून विमानाने येणारी डाक कराचीला उतरत असे. ती तेथून मुंबईला आणि मद्रासला विमानाने का नेऊ नये? ही योजना घेऊन तो टाटांच्या दारात गेला. तरुण जे. आर. डी. टाटांना ती पटली, जॉन पीटरसन या अधिकाऱ्यांनी पाठिंबा दिला, आणि दोराबजी टाटांनी सुमारे दोन लाख रुपये घालण्यास संमती दिली. सरकारचे मन वळवण्यात पुढे तीन वर्षे गेली.

15 ऑक्टोबर 1932. जे. आर. डी. कराचीहून छोटे पुस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. तेथून डाकेच्या थैल्या घेऊन पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला कोण गेले? हाच व्हिन्सेंट. म्हणजे पाहा, पुढे जिला एअर इंडिया हे नाव मिळाले, तिच्या पायाचा एक दगड हवाई दलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाने बसवलेला आहे. 1942 साली, दुसऱ्या महायुद्धात, तो इंग्लंडहून हिंदुस्थानास परतत असता त्याचे लष्करी विमान वाटेतच नाहीसे झाले. ज्या सैन्यातून तो बाहेर पडला होता, त्याच सैन्याच्या विमानात त्याचा शेवट झाला.

व्हिन्सेंटने टाटांना जे सांगितले ती एका परीने आपल्या देशातली या प्रकारची पहिली मुलाखत. पण नीट पाहा: मी किती उंच उडालो, हे सांगायला तो गेला नव्हता. लोकांची पत्रे वेळेवर कशी पोचतील, हे सांगायला गेला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले आणि पुन्हा तेच घडले, पण पुष्कळ मोठ्या प्रमाणावर. डाकोटा नावाची दोन इंजिनांची भक्कम विमाने शिल्लक मालात विक्रीला निघाली. सैन्यातून मोकळे झालेले वैमानिक नोकरी शोधू लागले. आपल्या देशात भराभर विमान कंपन्या निघाल्या. त्या वेळी मुलाखतीचा मुख्य कागद म्हणजे लॉगबुक, वैमानिकाची उड्डाणवही. किती तास उडालात? डाकोटा चालवले आहे? रात्री उतरता येते? उत्तरे होकारार्थी असली की निम्मे काम झाले.

आणि हे रात्रीचे उड्डाण कोठे लागत होते, ठाऊक आहे? आपल्या नागपूरला. 30 जानेवारी 1949 पासून रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत. मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. आपल्या आठवडी बाजारासारखेच ते. फरक इतकाच की येथे बाजार मध्यरात्री भरे आणि विक्रीचा माल नसून लोकांची पत्रे असत. गुरुजी, मुलांना एक उद्योग द्या. नकाशावर मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेघ ओढायला सांगा. ती वऱ्हाडातून, शिरपूरच्या थोडी उत्तरेकडून जाईल. भूगोलाच्या तासाला एवढा इतिहास पुरे आहे.

परंतु कंपन्या फार आणि काम थोडे, अशी लवकरच गत झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने 1950 साली याच दुखण्यावर बोट ठेवले. अखेर 1 ऑगस्ट 1953 रोजी विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत वाहतुकीच्या आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशच्या वाहतुकीसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी राहिली. पुढे 1969 ते 1973 या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल पी. सी. लाल निवृत्तीनंतर याच इंडियन एअरलाइन्सचे प्रमुख झाले. खालपासून वरपर्यंत ही वाट अशी रुळलेली होती.

येथे कोणी शंका काढील की, देशाच्या पैशाने शिकायचे आणि मग कंपनीची नोकरी धरायची, हे बरे का? शंका गैर नाही. एक वैमानिक तयार करायला वर्षे लागतात आणि पैसाही फार लागतो. पण ही वाट एकाच दिशेची नाही, हेही पाहिले पाहिजे. 27 ऑक्टोबर 1947 रोजी काश्मीर वाचवण्यासाठी शीख रेजिमेंटचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरवले, तेव्हा हवाई दलाच्या डाकोटांबरोबर खासगी कंपन्यांच्या डाकोटाही धावल्या होत्या. शिवाय सगळेच स्वखुशीने जातात असे नाही. अल्पकालीन सेवेचे अधिकारी पस्तिशीच्या मागेपुढे मोकळे होतात आणि त्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही. 1994 साली हवाई दलात पहिल्या महिला वैमानिक दाखल झाल्या, त्यांचीही सेवा अशीच मुदतीची होती. त्या वयात घरी बसून कसे भागेल?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लॉगबुक पाहून नोकरी देण्याची पद्धत मागे का पडली?

विमाने मोठी झाली. 1960 साली एअर इंडियाकडे बोइंग 707 ही जेट विमाने आली. एकेका विमानात शंभराहून अधिक माणसे बसू लागली, पुढे तर तीनशे-चारशे. अपघात झालाच तर गावच्या गाव जाते. आणि अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांच्या एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. पुष्कळदा यंत्रात बिघाड नसे; वैमानिक नवशिका नसे; उलट तो कंपनीतला सर्वांत अनुभवी माणूस असे. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला चूक दिसत असे. पण तो बोलत नसे. किंवा बोले तर इतके दबकत की कोणी ऐकत नसे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन 583 माणसे मेली. एका विमानाच्या कप्तानाने परवानगी मिळण्यापूर्वीच विमान दौडवले होते. समोरचे विमान धावपट्टीवरून गेले का, अशी शंका त्याच्याच सहकाऱ्याने बोलून दाखवली होती. ती तशीच राहून गेली.

त्यानंतर 1979 साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने तज्ज्ञांची बैठक भरवली, आणि 1981 पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना एक नवाच धडा देण्यास सुरुवात केली. त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर: कप्तानाने विचारावे, सहवैमानिकाने बोलावे, आणि दोघांनी ऐकावे. अहो, हे तर आपल्या घरातले शहाणपण! पण घरात तरी ते कोठे पाळले जाते?

हा धडा किती मोलाचा, ते 19 जुलै 1989 रोजी दिसले. त्याच युनायटेडच्या एका विमानाचे मागचे इंजिन फुटले आणि सुकाणू हलवणारी सगळी यंत्रणा निकामी झाली. कप्तान अल हेन्स हे तरुणपणी अमेरिकेच्या मरीन दलात वैमानिक होते. त्यांनी आपला मोठेपणा बाजूला ठेवला. प्रवाशांत त्याच कंपनीचा एक शिक्षक-वैमानिक होता, त्याला पुढे बोलावून इंजिनांचा जोर कमी-जास्त करण्याचे काम त्याच्या हाती दिले. चौघे मिळून, एकमेकांना विचारत, त्यांनी ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना ते मोडले, पेटले. पण 296 पैकी 184 जीव वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की हे एकट्याचे काम नव्हते.

आता आपल्या मराठी माणसाची गोष्ट. ती सांगताना जीभ जड होते. विंग कमांडर दीपक साठे यांचे घर नागपूरचे. 1981 साली हवाई दल अकादमीतून मानाची तलवार मिळवून ते बाहेर पडले. लढाऊ विमाने चालवली. पुढे चाचणी वैमानिक झाले; म्हणजे नव्या विमानाची परीक्षा जो घेतो तो. 2003 साली निवृत्त होऊन ते एअर इंडियात आले आणि प्रवासी विमानांचे कप्तान झाले. 7 ऑगस्ट 2020 रोजी, करोनाच्या दिवसांत, दुबईत अडकलेल्या आपल्या लोकांना घेऊन ते केरळात कोळिकोडला येत होते. विमानात 190 माणसे. तेथली धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर आहे. दोन्ही टोकांना दरी. रात्र, धो-धो पाऊस, आणि कप्तानाच्या समोरच्या काचेचा वायपर बिघडलेला. पहिल्या खेपेस ते न उतरता वर गेले. दुसऱ्या खेपेस उलट बाजूने, पाठवाऱ्याने उतरले. विमान धावपट्टी जवळजवळ निम्मी संपल्यावर टेकले, पुढे थांबले नाही आणि दरीत पडून त्याचे तुकडे झाले. 21 जण गेले. त्यांत दोन्ही वैमानिक होते.

2021 साली चौकशीचा अहवाल आला. उतरणी स्थिर नसताना कप्तानाने ती चालू ठेवली. सहवैमानिकाने 'परत वर चला' असे सांगूनही विमान उतरवले. आणि सहवैमानिकाने पुढे होऊन सूत्रे हाती घेतली नाहीत, हे त्यात संभाव्य कारण म्हणून दिले आहे. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातले अंतर फार होते, एकमेकांशी बोलण्याचे शिक्षण कमी पडले, आणि व्यवस्थेतल्या उणिवाही नजरेआड करता येणार नाहीत, असेही अहवाल म्हणतो. लष्करी सवयीमुळे हे घडले असे मात्र अहवाल म्हणत नाही आणि आपणही म्हणू नये. सगळा दोष गेलेल्या माणसाच्या माथी मारून मोकळे होणे हा न्याय नव्हे. पण एवढे तर खरे की मानाची तलवार मिळवलेला, नव्या विमानांची परीक्षा घेतलेला माणूससुद्धा एका क्षणी चुकू शकतो. आणि त्या क्षणी शेजारच्याचा शब्द हाच काय तो आधार असतो.

म्हणूनच, मंडळी, आजची मुलाखत वेगळी आहे. वैमानिकाची पहिली मुलाखत सोळा-सतरा-अठराव्या वर्षी होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाण्यासाठी निवड मंडळापुढे पाच दिवस बसावे लागते, आणि वैमानिक होण्याच्या कलाची चाचणी तर जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की ती वाट कायमची बंद. त्या मुलाखतीत पाहतात ते धाडस, चटकन निर्णय, एकट्याने उभे राहण्याची हिंमत. लढाऊ विमानात पुष्कळदा एकच माणूस असतो. तेथे हे गुण हवेतच.

दुसऱ्या मुलाखतीपूर्वी त्याला पुन्हा शाळकरी मुलगा व्हावे लागते. लष्करी पंखांवर प्रवासी विमान चालवता येत नाही. नागरी परवाना काढावा लागतो. हवाई नियम, हवामान, दिशाशोधन, विमानाचे तंत्र, बिनतारी संदेश अशा विषयांची तयारी लागते. आधीच्या उड्डाणाचे तास जमेस धरतात. प्रकृतीची कडक तपासणी होते. नंतर खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये बसवून हात पाहतात. आणि मग टेबलाभोवतीची बैठक. तेथे काय विचारतात? "तुमचा वरिष्ठ चुकतो आहे असे दिसले, तेव्हा तुम्ही काय केले?" "तुमच्या कनिष्ठाने तुमची चूक दाखवली, तो प्रसंग सांगा." "उतरण्याच्या बेतात असताना परत फिरलात, असे केव्हा घडले?"

जो म्हणतो, "माझ्याकडून चूक अशी झालीच नाही," त्याच्याकडे परीक्षक जरा संशयाने पाहतात. जो सांगतो, "अमुक दिवशी माझे चुकले, अमक्याने टोकले, मी ऐकले, आणि तेव्हापासून मी असे करतो," त्याचे पारडे जड होते. म्हणून तयारी करणाऱ्याने पराक्रमाची यादी पाठ करण्याऐवजी आपली उड्डाणवही उघडून बसावे, चार-पाच खरे प्रसंग निवडावे, आणि लष्करी संक्षेप न वापरता साध्या भाषेत ते सांगण्याचा सराव करावा. व्हिन्सेंट टाटांकडे गेला तेव्हा पत्रे कशी पोचतील ते बोलला होता. तसे यानेही प्रवासी सुखरूप कसे पोचतील ते बोलावे. हवाई दलात मालवाहू विमाने चालवणाऱ्यांना हे थोडे सोपे जाते, कारण तेथे चार माणसे मिळून काम करतात.

सर्वांत अवघड परीक्षा तर नोकरी लागल्यावर येते. विमानात डावी खुर्ची कप्तानाची, उजवी सहवैमानिकाची. हजारो तास उडालेल्या या माणसाला पुष्कळदा उजव्या खुर्चीवरून सुरुवात करावी लागते, आणि डावीकडे बसलेला कप्तान त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असू शकतो. काल ज्याला लोक सलाम ठोकत, त्याने आज धाकट्याचा शब्द पाळायचा. आणि तो धाकटा चुकला तर आदराने पण ठामपणे सांगायचे. दोन्ही एकाच वेळी. ज्याला हे साधते त्याची दुसरी मुलाखत खरी पार पडली म्हणायची.

गुरुजी, आता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला आकाशाची ओढ असेल. पोराला छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था दाखवा. 1977 पासून राज्य सरकार ती चालवते. प्रबोधिनीचे दार 2022 पासून मुलींनाही उघडले आहे. गणित आणि भौतिकशास्त्र पक्के करून घ्या. इंग्रजी बोलण्याची भीड मोडा. बिनतारी संदेशासाठी ती भाषा लागतेच. पण याहून एक लहानशी गोष्ट तुमच्याच हातात आहे. फळ्यावर गणित सोडवताना कधी तुमचा आकडा चुकेल. मागच्या बाकावरून एखादे पोर भीत भीत हात वर करील. त्याला "गप्प बस" म्हणू नका. खडू त्याच्या हाती द्या आणि म्हणा, "बरं झालं बाळ, सांगितलंस."

त्या पोराला जी सवय लागेल तीच पुढे, तीस वर्षांनी, पावसाळी रात्री, उजव्या खुर्चीवरून त्याला बोलायला लावील. आणि तुमचे पाहून त्याला दुसरीही सवय लागेल, ती डाव्या खुर्चीवर बसल्यावर ऐकण्याची. मग पाठीमागे बसलेली दोनशे माणसे आपापल्या घरी जातील, आणि त्यांना त्या खडूची गोष्ट कधी कळणारही नाही.